आठल्ये सरांच्या पोटातलं हसू

'पोट तिचं, बारसं आमचं' या विनोदी चित्रपटाला एकाही खेळात हसू झालं नाही, तेव्हा रीतीप्रमाणे त्याचं हसू दुसऱ्याच्या पोटात वाढवायचं ठरलं, आणि त्यासाठी जयसिंगपूरचे निवृत्त प्राध्यापक डॉ. श्रीनिवास आठल्ये यांचं पोट निवडण्यात आलं.

चित्रपट वाईट आहे असं कुणी म्हणत नव्हतं. लोक येत, बसत, मध्यंतरात भडंग खात आणि खेळ सुटला की कुणाला तरी दवाखान्यात बघून आल्यासारखे खाली मान घालून घरी जात. गोष्ट अशी होती : एका साखर कारखान्याच्या चेअरमनच्या सुनेला मूल होत नसतं, म्हणून घरची स्वयंपाकीण तिचं मूल आपल्या पोटात वाढवते. गावाला कळू नये म्हणून सून पोटाला उशी बांधून हिंडते. मग उशीची अदलाबदल होते, चेअरमन भलत्याच बाईला डोहाळजेवण घालतो, आणि शेवटी बारशाला दोन घरची माणसं पाळण्याची दोरी ओढत बसतात. यात कुठे कुठे हसायचं ते निर्माते बाजीराव खराडे यांना तोंडपाठ होतं. प्रेक्षकांना मात्र पहिल्या रिळापासून त्या स्वयंपाकिणीचंच वाईट वाटत राही.

अशा वेळी काय करायचं ते चित्रपट मंडळाने ठरवून दिलेलं आहे. कथा पहिल्यांदा ऐकताना निर्माता ज्या प्रसंगाला हसलेला असतो त्या प्रसंगाचं त्याचं हसू बी म्हणून धरायचं, आणि ज्याच्याजवळ स्वतःचं हसू शिल्लक नाही अशा माणसाच्या पोटात ते ठेवायचं. स्वतःचं हसू असलेल्या पोटात भेसळ होते आणि पुढे हक्कावरून वाद निघतात. खराड्यांनी कोल्हापुरात एक निवृत्त न्यायाधीश पाहून ठेवले होते, पण ते नातवंडांत हसतात असं चौकशीत निघालं. शेवटी शिवप्रभा टॉकीजचे मालक बाबगोंडा मगदूम यांना आपले जुने सर आठवले.

ते तिघं एका सकाळी सरांच्या घरी आले. मगदूम, खराडे आणि मंडळाच्या निरीक्षक पोतनीस बाई.

"सर, मी बाबगोंडा मगदूम. तर्कशास्त्राला होतो तुमच्याकडे. शेवटच्या बाकावर."

"पास झालात?"

"नाही सर."

"माझंच काही शिकवायचं राहिलं असेल," सर म्हणाले. त्यांना तसं खरोखरच वाटलं, आणि चहा येईपर्यंत ते काय राहिलं असेल याचा विचार करत बसले.

पोतनीस बाईंनी विचारलं, "शेवटचं कधी हसलात?"

"हसलो असेन असं गृहीत धरतो. पुरावा नाही."

शरयूताई कपबशा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी या घरात आल्यापासून तरी नाही. त्याआधीचं सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मुलगा तसा गुणी आहे."

"घरचा साक्षीदार आहे म्हणजे प्रश्नच नाही," पोतनीस बाई म्हणाल्या.

खराडे खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. "सर, तुमच्यासारखं पोट अख्ख्या जिल्ह्यात न्हाई बघा. रिकामं, शांत आणि वर शिकलेलं. आमच्या लेकराला आणि काय पायजे?"

सरांना नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि आपल्या कारणांवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. प्रकृती बरी नाही म्हणावं तर ती बरी होती. वेळ नाही म्हणावं तर भिंतीवरच्या घड्याळाखालीच ते दिवसभर बसत. विनोदाच्या लायकीचा मी नाही असं ते म्हणून गेले, तर पोतनीस बाई म्हणाल्या की नेमकी तीच अट आहे.

"घ्या हो," शरयूताई म्हणाल्या. "या घरात एकदा काहीतरी वाढू दे."

मगदूम कपातल्या सायीकडे बघत राहिला. आठल्यांना मूलबाळ नव्हतं हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि शरयूताई त्याबद्दल आजवर कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या हेही माहीत होतं. सरांनी मान हलवली.

हसू ठेवण्याचं काम टॉकीजमधल्या मशीनच्या खोलीत झालं. पोतनीस बाईंनी एक लोखंडी फुंकणी आणली होती. तिचं एक टोक खराड्यांच्या तोंडाला आणि दुसरं सरांच्या बेंबीला लावलं, उशीची अदलाबदल होते तो प्रसंग लावला, आणि खराडे फुंकणीतून मनापासून हसले. सरांना थोडं गार लागलं. एवढंच.

"दगदग करायची नाही," पोतनीस बाईंनी घरी बजावलं. "तिखट नाही. गुदगुल्या नाहीत. मुदतीआधी हसायचं नाही, हसलात तर ते कच्चं पडेल. आणि बाहेर आलं की ते चित्रपटाचं. तुम्हाला ते ऐकायचा हक्क तिकीट काढणाऱ्या कुठल्याही माणसाइतकाच. हसू काढून घेताना घरचं माणूस जवळ चालत नाही. रडारड होते."

"योग्य आहे," सर म्हणाले.

कारखान्यांची धुराडी पेटली तेव्हा ठेवलेलं हसू गाळप संपेस्तोवर तयार होईल असा अंदाज होता. ऊस भरलेल्या गाड्या स्टेशन रोडने जाऊ लागल्या, आणि सरांच्या बरगडीखाली काहीतरी कूस बदलू लागलं. पहिल्यांदा ते हललं ते कुलकर्णी मास्तरांच्या शोकसभेत. अध्यक्ष म्हणत होते की मास्तरांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी भरून निघणार नाही, आणि सरांच्या पोटात पाठोपाठ दोन लाथा बसल्या. ते घाम पुसत उठले. लोकांनी वाट करून दिली. कुणीतरी हळूच म्हणालं, "सरांना हसू राहिलंय, त्यांना पंख्याखाली बसवा." मास्तरांच्या मुलाने स्वतःची खुर्ची दिली. परक्याच्या दुःखात आपण दुसऱ्याचं हसू घेऊन बसलो आहोत, याची सरांना इतकी लाज वाटली की पुढे आठवडाभर ते बाहेर पडले नाहीत.

शरयूताई मात्र बदलल्या. दुपारी भांडी झाली की त्या सरांच्या खुर्चीशेजारी पाट घेऊन बसत, त्यांच्या पोटाला कान लावत आणि आतल्या हसूला काहीबाही सांगत. माहेरी मिरजेला एक कावळा रोज आजोबांच्या टोपीवर कसा बसे, त्या नोकरीला होत्या त्या बँकेतले साहेब स्वतःचीच सही ओळखू न आल्याने कसे चिडले, मावशीने एकदा वरपक्षाला साखरेऐवजी मीठ घालून सरबत कसं दिलं आणि वरपक्षाने ते कसं पिऊन टाकलं. आतलं हसू ऐकत असे. चांगलं कुठे आलं की उसळी मारे.

"हे मला कधी सांगितलं नाहीस," सर एकदा म्हणाले.

"सांगितलं होतं. कावळ्याचं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं."

"मग?"

"तो तोच कावळा कशावरून, असं विचारलंत."

सरांना ते आठवेना. पण आपण तसं विचारलं असणार याबद्दल त्यांना शंका वाटली नाही.

डोहाळजेवण कॉलनीतल्या बायकांनी काढलं. शरयूताईंचं कधी झालं नव्हतं आणि त्यांच्या घरी कुणी तसा विषयही काढला नव्हता, तर निदान सरांचं करू या असं शेजारच्या चौगुले वहिनींचं म्हणणं पडलं. सरांना मोगऱ्याच्या वाड्या घातल्या. ओटी भरायला पदर नव्हता म्हणून उपरण्यात भरली. पोतनीस बाई देखरेखीला होत्या, त्यामुळे कुणी थट्टामस्करी करायची नाही असं ठरलं होतं, आणि सगळ्या बायका बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारख्या ओळीने सतरंजीवर बसल्या होत्या. सांडग्या मिरच्या पोतनीस बाईंनी परत पाठवल्या.

"सर, नाव घ्या," चौगुले वहिनी म्हणाल्या.

"माझा अभ्यास नाही."

"काकूंचं एवढं नाव घ्यायला कसला अभ्यास? घ्या. त्याशिवाय ताट वाढणार नाही."

सर उभे राहिले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. मग वर्गात फळ्याकडे वळून बोलत तसे भिंतीकडे वळून म्हणाले :

"सॉक्रेटिस मर्त्य आहे, कारण सॉक्रेटिस मनुष्य;
शरयूचं नाव घेतो, तिनं घालवलं माझ्यापायी आयुष्य."

बायका हसल्या नाहीत. हसायची बंदी होतीच. शरयूताई वाट्या आणायला म्हणून आत गेल्या आणि त्यांना यायला बराच वेळ लागला. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

झाकलेल्या दोन वाट्यांतून सरांनी एक उघडली. पेढा निघाला. म्हणजे हसू गडगडाटी होणार. बर्फी निघती तर खुदकन एवढंच. खराडे बाहेर मोटरीत बसून होते. त्यांना कळवल्यावर ते दारातच चौगुले वहिनींच्या पाया पडले.

संध्याकाळी उपरण्यातले तांदूळ डब्यात भरता भरता शरयूताई म्हणाल्या, "अहो, एक मागू?"

"काय?"

"एकदा इथे हसा. माझ्यासमोर."

सर खुर्चीत सरळ झाले. "एकदा बाहेर आलेलं पुन्हा आत जात नाही, शरयू."

"मग नाही जात. बाहेर राहील."

"ते आपलं नाही."

"मी कुठे माझं म्हणतेय? ते खराड्यांचं असेल. पण तोंड तर तुमचं असणार ना? तुमच्या तोंडातून ते निघताना मला बघायचंय. पुढे मला काही नको."

"मी विचार करतो," सर म्हणाले.

आणि त्यांनी विचार केला. गाळप संपत आलं तरी ते करत होते. एका बाजूला दिलेला शब्द होता. दुसऱ्या बाजूला बायको होती, जिने इतक्या वर्षांत काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आणि आपल्याला आठवत नाही म्हणजे मागितलंच नसेल असं नाही, हे कावळ्याने सिद्ध केलं होतं. तिसरी बाजू अशी की ते पोटातलं हसू हसलो तर हसणारा मी असेन की खराडे? शरयूने पाहायचं ते मग कुणाला? ते या प्रश्नाशी रोज सकाळी येत आणि रोज तिथूनच परत फिरत. पोट जड झालं होतं. वाकून चपला घालता येत नसत, त्या शरयूताई घालत. त्यांनी ते पुन्हा मागितलं नाही. पोटाला कान लावून गोष्टी सांगत राहिल्या, पण आता मध्येच थांबून वर सरांच्या तोंडाकडे बघत.

काढून घेण्याच्या आदल्या दिवशी दुपारी सर उठले, खिडक्या लावल्या आणि म्हणाले, "चल. हसून टाकू."

शरयूताईंनी काही विचारलं नाही. हसू उशीच्या प्रसंगातलं होतं, म्हणजे त्या प्रसंगाशिवाय येणार नव्हतं, हे त्यांनी आधीच जाणलं असावं; चित्रपट पहिल्यांदा लागला तेव्हा त्यांनी तो पाहिला होता. त्यांनी पलंगावरची उशी घेतली, पातळाच्या आत पोटाला बांधली आणि खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांना गुडघ्याचा त्रास होता. तरी त्या चेअरमनच्या सुनेसारख्या कमरेवर हात ठेवून चालल्या, स्वयंपाकिणीला हाक मारली, स्वतःच स्वयंपाकीण होऊन ओ दिली, उशी घसरली ती मांडीशी धरली, आणि "सासूबाई, बाळ खाली आलं की हो," हे वाक्य सरांकडे बघून म्हटलं. त्यांनी ते फार वाईट केलं. बँकेत गिऱ्हाइकाला सांगावं तसं केलं. पण उशी दोन्ही हातांनी धरून त्या जशा उभ्या राहिल्या तसं सरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

हसू हललं. बरगड्या सोडून छातीत आलं. सरांचे खांदे हलू लागले, चष्मा नाकावरून खाली आला, गळ्यापाशी काहीतरी मोठं आणि ऊन येऊन थांबलं. शरयूताई श्वास धरून जवळ आल्या.

"शरयू," सर म्हणाले, "पण उद्या त्यांनी विचारलं तर आपण काय सांगायचं?"

ते गळ्यातून मागे फिरलं. छातीतून उतरलं आणि पोटात जाऊन बसलं. दोघांनाही ते जाताना कळलं.

शरयूताईंनी उशी सोडली, पलंगावर जागच्या जागी ठेवली आणि अभ्रा नीट केला.

"पुन्हा करून पाहू," सर म्हणाले. "मी नाही विचारणार आता."

"नको. त्याला त्रास होतो." त्यांनी खिडक्या उघडल्या. "तुम्हालाही."

दुसऱ्या दिवशी शिवप्रभा टॉकीजमध्ये सकाळचा खेळ बंद ठेवला होता. शरयूताई नियमाप्रमाणे बाहेर, तिकिटाच्या खिडकीशेजारच्या बाकावर बसल्या. आत सरांना मधल्या रांगेत बसवलं. डावीकडे पोतनीस बाई, उजवीकडे खराडे, मागे मगदूम. चित्रपट सुरू झाला. उशीचा प्रसंग आला तेव्हा पोतनीस बाईंनी त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता अडवू नका."

सरांनी अडवलं नाही. ते बाहेर पडलं. कितीतरी वेळ पडत राहिलं. सरांना त्यातलं काही ऐकू आलं नाही; शेजारच्या घरात जड कपाट सरकवावं तसा धक्का तेवढा आतून जाणवत होता. कालच्या दुपारी हे कुणाला तरी हवं होतं, एवढंच त्यांच्या मनात होतं. थांबलं तेव्हा ते खुर्चीत खाली घसरले होते आणि शर्ट पोटावर सैल झाला होता.

खराडे उभे राहून रडत होते.

"आबावर गेलंय," ते मगदूमला म्हणाले. "आमच्या आबावर. आबा जाऊन किती वर्सं झाली. असंच मांडीवर थाप मारून हसायचे. ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं की," मगदूम म्हणाला. "शेम."

पोतनीस बाई ते हसू घेऊन मशीनच्या खोलीकडे निघाल्या. सर म्हणाले, "मला एकदा..."

"शुक्रवारपासून चारही खेळांना आहे," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "तुम्ही छान वाढवलंत, सर. सगळे असं वाढवत नाहीत." मग त्या गेल्या.

बाहेर शरयूताई बाकावरून उठल्या. "झालं?"

"झालं."

"दारातून काही ऐकू आलं नाही. मोठं होतं?"

"मोठं असावं. खराड्यांच्या वडिलांवर गेलंय म्हणतात."

"हो का," शरयूताई म्हणाल्या. त्यांनी सरांचा हात धरला आणि दोघं रिक्षात बसली.

शुक्रवारी चित्रपट हसूसकट पुन्हा लागला. लोक आले. उशीचा प्रसंग आला तसं ते गडगडाटी हसू पडद्याच्या मागून उठलं आणि सगळ्या थिएटरभर फिरलं. प्रेक्षकांनी वळून मागे पाहिलं. कोण हसतंय ते दिसेना, तेव्हा ते पुन्हा पडद्याकडे वळले आणि स्वयंपाकिणीचं त्यांना पहिल्यापेक्षा जास्त वाईट वाटू लागलं. सोमवारपासून बाल्कनी रिकामी राहिली. खराडे गावाकडे निघून गेले. सरांच्या घरी त्यांनी लाडवांचा डबा पाठवला होता, तो तसाच कपाटावर राहिला.

शरयूताई रोज तीनच्या खेळाला जात. कुठे जाते हे त्यांनी सांगितलं नाही आणि सरांनी विचारलं नाही. घरात ते एकटे खुर्चीत बसत. पोट हलकं होतं आणि त्यात काही नव्हतं, आधीही नव्हतं, पण आता ते नसणं जाणवत होतं. चित्रपट उतरायच्या दिवशी शरयूताई दारात चपला घालताना सर म्हणाले, "मी येऊ का?"

"या की. तिकीट लागेल."

थिएटरमध्ये दोघंच होती. मध्यंतर झालं. मग सून पोटाला उशी बांधून चालू लागली आणि त्यांनी सरांचं मनगट दाबलं. "आलं."

ते उठलं. रांगडं, भरघोस हसू होतं. सरांनी डोळे मिटून ऐकलं. मांडीवरची थाप होती, मग खोकला होता, मग पुन्हा सुरुवात होती. त्यांच्या घराण्यात असं कुणी हसलं नसतं. आपलं काहीतरी सापडेल म्हणून त्यांनी शेवटपर्यंत कान दिला, आणि त्यांना काहीही सापडलं नाही.

"ऐकलंत?" शरयूताई म्हणाल्या. "अगदी शेवटी. संपायच्या आधी जरा अडखळतं बघा. पुढे हसावं की नाही, कुणाला विचारल्यासारखं. ते आबांचं नाही. ते तुमचं आहे."

सरांनी विचार केला. "यंत्राचा दोष असेल," ते म्हणाले. "रीळ तिथे झिजलेलं असेल."

"असेल."

पडद्यावर चेअरमन भलत्या बाईच्या घरी निघाला होता. शरयूताई त्याच्याकडे बघत होत्या.

"असेल," त्या पुन्हा म्हणाल्या. "मला तो दोष आणखी एकदा ऐकायचाय. सहाच्या खेळाची दोन काढून आणा."

सर उठले आणि अंधारातून चाचपडत बाहेर गेले. खिडकीत मगदूम स्वतः बसला होता.

"सर, तुम्ही कशाला तिकीट काढता?" तो म्हणाला. "तसेच बसा. शेवटचाच दिवस आहे, दुसरं कोण येणार नाही."

"तसा नियम आहे," सर म्हणाले.

त्यांनी दोन तिकिटं घेतली, पुन्हा आत येऊन शरयूताईंची रांग शोधली, आणि चालू खेळ संपायची वाट बघत त्यांच्या शेजारी बसले.